संग्रहाची यादी नव्या संगणकावर नेताना

धर्माबादहून निजामाबादच्या दिशेने निघालेल्या गाडीचे पुढचे स्टेशन बासर, म्हणजे तेलंगण. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथल्या संग्राहकाच्या कपाटात एका भाषेचा माल क्वचितच सापडतो. संस्थानी काळातले उर्दू कागद, मोडीतली खरेदीखते, तेलुगू पुस्तके, मराठी मासिकांचे जुने अंक, हाली सिक्क्याचे म्हणजे संस्थानच्या स्वतःच्या चलनातले रुपये, निजामाची टपाल तिकिटे असे सगळे एकत्र नांदते. ज्याने हे जमवले त्याने यादीही केली. आधी वहीत, मग संगणकात. वस्तू वर्षानुवर्षे त्याच कपाटात राहतात. यादीला मात्र काही वर्षांनी बिऱ्हाड हलवावे लागते, कारण संगणक बदलतो.

हे बिऱ्हाड नीट हलते का, कुठे काय मागे राहते आणि त्यावर आज कोणते उपाय हाताशी आहेत, याचा हा आढावा आहे. हा विषय किरकोळ तांत्रिक आहे असे मला वाटत नाही. वस्तू कुणाकडून आली, कोणत्या गावच्या बाजारात मिळाली, किती पैसे दिले, बरोबर कोणता कागद होता, ही माहिती वस्तूवर लिहिलेली नसते. ती फक्त यादीत असते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात. अशी वस्तू आपल्याकडे कशी आली हे सांगणारी नोंद जपणे संग्राहकाच्याच हिताचे आहे. ती नोंद गेली तर रुपया रुपयाच राहतो, पण त्याची हकिगत जाते आणि ती पुन्हा मिळत नाही.

मराठीत एकट्या माणसाने नोंदींच्या बळावर काय उभे करावे याचे सर्वांत मोठे उदाहरण शंकर गणेश दाते यांचे आहे. त्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची आहे. ती १९४३ मध्ये छापून आली. १९३८ ते १९५० पर्यंतचा पुढचा भाग १९६१ मध्ये निघाला. ग्रंथालयांमधून फिरून, पुस्तके हाताळून केलेले ते काम आजही अभ्यासक उघडतात, कारण ते छापले गेले आणि अनेक ग्रंथालयांत पोचले. एका ठिकाणची प्रत गेली तरी दुसरीकडे ती आहेच, आणि वाचायला डोळ्यांखेरीज काही लागत नाही. संगणकातल्या यादीला मात्र वाचण्यासाठी तोच प्रोग्राम, तीच आवृत्ती आणि कधी कधी तोच फॉन्टही लागतो. सगळी अडचण तिथून सुरू होते.

संगणक आले तेव्हा याद्या डीबेस आणि फॉक्सप्रोमध्ये बनल्या. ग्रंथालयांनी युनेस्कोचे सीडीएस-आयएसआयएस वापरले. पुढे मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस आले आणि त्याहून जास्त पसरले एक्सेल. २००१ मध्ये एमएस-सीआयटीचे वर्ग सुरू झाले आणि तालुक्या-तालुक्यात एक्सेल शिकलेली पिढी तयार झाली. आपल्या भागातल्या बहुतेक खासगी याद्या एक्सेलमध्ये असतात, त्याचे कारण हेच असावे. आज पुस्तकांसाठी कॅलिबर आणि झोटेरो, सर्व प्रकारच्या संग्रहांसाठी टेलिको, शिवाय मोबाइलवरची कितीतरी ॲप्स आहेत. प्रत्येकात कुठेतरी ‘बॅकअप’ आणि ‘रिस्टोअर’ अशी दोन बटणे असतात, आणि ती दोन बटणे दाबली की काम झाले असा समज पक्का झालेला आहे. तो अर्धाच खरा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे बॅकअपमध्ये काय येते आणि काय येत नाही. फॉक्सप्रोच्या काळात डीबीएफ फाइल नेली आणि तिची जोडीदार मेमो फाइल राहिली, तर छोटे रकाने जात आणि लांब टिपणे मागे राहत. आज तोच प्रकार फोटोंच्या बाबतीत होतो. पुष्कळ प्रोग्राम फोटो डेटाबेसमध्ये ठेवत नाहीत. फक्त त्याचा पत्ता लिहून ठेवतात, की डी ड्राइव्हमधल्या अमुक फोल्डरात तमुक फाइल आहे. नव्या संगणकाला डी ड्राइव्हच नसतो. यादी उघडते, नोंदी दिसतात आणि प्रत्येक फोटोच्या जागी रिकामी चौकट येते. म्हणून बॅकअप घेतल्यावर त्या फाइलचा आकार बघावा. हजारभर फोटो असलेल्या संग्रहाचा बॅकअप दोन-तीन एमबीचा निघाला, तर फोटो आत नाहीत हे तिथेच कळते.

या बाबतीत कॅलिबरची रचना मला सर्वांत शहाणी वाटते. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या या मोफत प्रोग्रामात सारे ग्रंथालय एका फोल्डरात असते. आत एक डेटाबेस फाइल, प्रत्येक पुस्तकाचा वेगळा फोल्डर, आणि त्या फोल्डरात पुस्तकाची माहिती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये पुन्हा लिहून ठेवलेली. डेटाबेस बिघडला तरी त्या फाइलींवरून यादी पुन्हा उभी करता येते. झोटेरोमध्येही एक डेटाबेस फाइल आणि जोडीला ‘स्टोअरेज’ फोल्डर असतो, आणि दोन्ही एकत्र न्यावे लागतात. टेलिको एकाच फाइलमध्ये मजकूर आणि चित्रे दोन्ही बांधून ठेवू शकतो. आतला मजकूर एक्सएमएलमध्ये असल्यामुळे प्रोग्राम नसला तरी तो वाचता येतो.

कॅलिबर, झोटेरो आणि मोबाइलवरची बहुतेक ॲप्स आतून एसक्यूलाइट नावाचा डेटाबेस वापरतात. रिचर्ड हिप यांनी तो २००० मध्ये लिहिला. त्याची सगळी माहिती एका फाइलमध्ये मावते, म्हणून ती उचलून दुसरीकडे ठेवणे सोपे. पण प्रोग्राम चालू असताना ताज्या नोंदी कधी कधी शेजारच्या दुसऱ्या फाइलमध्ये थांबलेल्या असतात आणि नंतर मुख्य फाइलमध्ये मिसळतात. चालू प्रोग्रामची फाइल कॉपी केली तर त्या नोंदी सुटतात, किंवा प्रत अर्धवट निघते. प्रोग्राम पूर्ण बंद करावा आणि मगच कॉपी करावी. वीज जाण्याचा भरवसा नसलेल्या गावात ही काळजी दुप्पट घ्यावी. कॉपी चालू असताना वीज गेली तर तयार झालेली फाइल नावाने पूर्ण दिसते, आत अर्धीच असते. पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीने, म्हणजे एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल, तर चार जीबीहून मोठी एक फाइल त्यात जातच नाही, हेही फोटोवाल्या संग्राहकाने लक्षात ठेवावे.

आता लिपीकडे येतो. मराठी याद्यांचे सर्वाधिक नुकसान इथेच झाले आहे. इंग्रजीतून लिहिलेल्या मार्गदर्शनात ही बाब सापडत नाही, कारण ते लिहिणाऱ्यांना ही अडचण कधी आलीच नाही.

नव्या संगणकावर यादी उघडली आणि मराठी दिसली नाही, तर घाबरण्याआधी नेमके काय दिसते ते नीट पाहावे. चार वेगवेगळे प्रकार असतात आणि चारांचा अर्थ वेगळा आहे. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर फक्त फॉन्ट नाही. मजकूर शाबूत आहे, फॉन्ट बसवला की दिसेल. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि शेजारी चार काटे फुटलेला गोळा अशी माळ लागली, तर मजकूर युनिकोडमध्ये नीट आहे, पण प्रोग्रामने तो चुकीच्या संकेताने वाचला. युटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षर तीन बाइटांचे असते आणि पहिला बाइट दरवेळी तोच, म्हणून तीच चिन्हे पुन्हा पुन्हा दिसतात. अशी फाइल त्या अवस्थेत सेव्ह न करता बंद करावी आणि युटीएफ-८ निवडून पुन्हा उघडावी. तिसरा प्रकार प्रश्नचिन्हांचा. अक्षरागणिक एक प्रश्नचिन्ह दिसत असेल, तर वाटेत कुठल्या तरी प्रोग्रामने मराठी अक्षरे टाकून दिली आहेत. या प्रतीतून ती परत येत नाहीत. जुन्या संगणकाकडे वळावे लागते, आणि तो तोवर विकलेला नसावा.

चौथा प्रकार सर्वांत अवघड. रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची अर्थहीन सरमिसळ दिसते, पण त्यात एक ठरावीकपणा असतो. ही युनिकोडपूर्व फॉन्टमधली मराठी. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांनी आपल्या छपाईला आणि कार्यालयांना दोन दशके साथ दिली, ते ऋण मोठे आहे. पण त्यांत संगणकाच्या लेखी मराठी असे काही नव्हतेच. साठवले जाई रोमन अक्षर आणि त्याचा चेहरा मराठीचा असे. कोणत्या रोमन खुणेला कोणता मराठी चेहरा हे प्रत्येक फॉन्ट घराण्याने वेगळे ठरवले होते. काही पॅकेजांना संगणकामागे लावायचे डोंगलही लागे. अशी यादी बॅकअपमधून अचूक उतरली, एक बाइटही हरवला नाही, तरी फॉन्टवाचून ती वाचता येत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पण तिचा रोजचा वापर आपल्याकडे विंडोज एक्सपीच्या काळात सुरू झाला, आणि त्यातही भारतीय भाषांची सोय वेगळी चालू करावी लागे. मधल्या काळातल्या याद्या तशाच पडून आहेत. त्या युनिकोडमध्ये नेणारे रूपांतरक मिळतात, मात्र नेमका फॉन्ट माहीत असावा लागतो. रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी एकेक तपासावी लागतात.

युनिकोडमध्ये आल्यावरही दोन बारीक खाचा राहतात. ‘कऱ्हाड’ हा शब्द दोन रीतींनी टाइप करता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला वेगळे. ‘ॲटलास’मधले पहिले अक्षर तर तीन प्रकारे लिहिले जाते. त्यातला ॲ हा स्वतंत्र संकेत युनिकोडमध्ये २००८ मध्ये आला, म्हणून जुन्या संगणकांवर तिथे चौकोन दिसतो. दोन संगणकांवर दोन कीबोर्डांनी भरलेल्या याद्या एकत्र केल्या, की एकच गाव दोन गावे होते आणि शोधल्यावर निम्म्या नोंदी सापडतात. तीन लिप्यांच्या यादीचा क्रमही संगणक आपल्या संकेतांच्या अनुक्रमाने लावतो. उर्दू आधी, मग देवनागरी, मग तेलुगू. ही चूक नाही, पण माहीत नसेल तर नोंदी हरवल्याचा भास होतो.

एक नोंद जवळून पाहू. चारमिनार छापाचा एक हाली रुपया. मधल्या कमानीत निजाम मीर उस्मान अली खानांच्या नावाचे आद्याक्षर ‘ऐन’, हिजरी सन १३३०. आधीच्या मीर महबूब अलींच्या नाण्यांवर त्याच जागी ‘मीम’ असतो, म्हणून नाणे ओळखायला हा रकाना महत्त्वाचा. संग्राहकाने ‘सन’ या रकान्यात १३३० लिहिले. यादी सीएसव्ही करून, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, दुसऱ्या संगणकावर नेली आणि तिथे त्या रकान्याला तारखेचे स्वरूप दिले गेले. एक्सेल तारखा १ जानेवारी १९०० पासून दिवस मोजून साठवते. १३३० वा दिवस येतो २२ ऑगस्ट १९०३. १९१२ च्या आसपासच्या, उस्मान अलींच्या नाण्यावर त्यांच्या वडिलांच्या कारकिर्दीतली तारीख बसते. पाहणाऱ्याला ती खरीच वाटते, कारण तारीख शक्य कोटीतली आहे. चौकोन किंवा प्रश्नचिन्हे निदान ओरडून सांगतात. ही चूक गप्प राहते. त्यामुळे हिजरी, फसली, शक हे सन नेहमी मजकूर म्हणून ठेवावेत आणि इसवी सनासाठी वेगळा रकाना करावा. मॅकवरच्या जुन्या एक्सेलमध्ये मोजणी १९०४ पासून असे. तिथली तारीख दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवली तर ती चार वर्षे आणि एक दिवस सरकते.

याच वाटेवर दाखल क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळतात. तेरा आकडी आयएसबीएन दशांशचिन्ह आणि घात अशा रूपात दिसू लागतो, आणि तो तसा दिसत असताना फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली तर शेवटचे आकडे कायमचे जातात. ३/४ ही खरेदीची तारीख अमेरिकन पद्धतीवर लावलेल्या संगणकात ४ मार्च होते. देवनागरी आकडे बहुतेक प्रोग्रामांना संख्या वाटतच नाहीत, मजकूर वाटतात, आणि किमतींची बेरीज शून्य येते. उपाय एकच. सीएसव्ही फाइलवर दोनदा क्लिक करून ती उघडू नये. एक्सेल आधी उघडावे, डेटा मेनूतून फाइल आत आणावी, युटीएफ-८ निवडावे आणि शंकास्पद रकाने मजकूर म्हणून घ्यावेत.

मग सीएसव्ही घ्यावी की प्रोग्रामचा स्वतःचा बॅकअप? दोन्ही. प्रोग्रामचा बॅकअप फोटो, परस्परसंबंध, रकान्यांची रचना सगळे जपतो, पण तो त्याच प्रोग्रामला कळतो, आणि तेही आवृत्ती जुळली तर. नव्या आवृत्तीचा बॅकअप जुनी आवृत्ती बहुधा उघडत नाही. उलट बाजूनेही दार बंद होते. ॲक्सेस ९७ मधल्या फाइली ॲक्सेस २०१३ पासून उघडत नाहीत. ज्यांची यादी त्या काळातली आहे त्यांना मधल्या एखाद्या आवृत्तीतून पायरीपायरीने यावे लागते. सीएसव्ही किंवा एक्सएमएल रचना गमावते, पण ती पन्नास वर्षांनीही कुणी वाचू शकेल. ग्रंथालयांनी सीडीएस-आयएसआयएसमधून आयएसओ २७०९ या ठरलेल्या स्वरूपात नोंदी काढल्या, म्हणून त्या पुढच्या प्रणालींत जाऊ शकल्या. खासगी संग्राहकानेही तीच शिस्त ठेवावी.

रिस्टोअरबद्दल एक गैरसमज फार महागात पडतो. रिस्टोअर म्हणजे भर घालणे नव्हे, बदलून टाकणे. दुकानातल्या संगणकावर सकाळी दहा नोंदी केल्या, रात्री घरच्या लॅपटॉपवर पाच केल्या, आणि घरी दुकानातला बॅकअप रिस्टोअर केला, तर घरच्या पाच नोंदी पुसल्या जातात. बहुतेक प्रोग्राम एक इशारा देऊन विचारतात, पण तो इंग्रजीत असतो आणि आपण ओके दाबतो. दोन संगणक वापरायचेच असतील तर नोंद करण्याचा संगणक एकच ठरवावा, दुसरा फक्त पाहण्यासाठी.

गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरात चालू डेटाबेस ठेवून दोन्हीकडून उघडणे हा अनेकांनी काढलेला मार्ग आहे, आणि मी तो कुणालाही सुचवणार नाही. दोन्हीकडे एकाच वेळी फाइल उघडी राहिली तर दोन वेगळ्या प्रती तयार होतात किंवा फाइल बिघडते. शिवाय इथे पुसलेली नोंद तिथेही पुसली जाते. बंद केलेल्या डेटाबेसची तारीख घातलेली प्रत तिथे ठेवणे मात्र उत्तम. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम साधा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. गोदावरीकाठच्या तालुक्यात घराबाहेरची प्रत म्हणजे गावाबाहेरची, नांदेडला किंवा हैदराबादला असलेल्या नातेवाइकाकडची, असे समजावे.

बॅकअप घेतला जातो, पण तो उतरतो का हे कुणी बघत नाही. ही सवय फक्त हौशी लोकांची नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नामांकित कंपनीत कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला. तेव्हा कळले की रोजचा बॅकअप निघतच नव्हता, कारण बॅकअप घेणाऱ्या साधनाची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती, आणि अपयशाचे इशारे देणारे ईमेलही पोचत नव्हते. सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावले. तरी मधल्या तासांचा डेटा गेलाच.

तपासणी अवघड नाही. जुन्या संगणकावरची एकूण नोंदसंख्या कागदावर लिहावी आणि नव्यावर जुळवावी. मग संख्या जुळली तरी थांबू नये. सर्वांत जुनी नोंद, सर्वांत लांब टिपण, जोडाक्षरांनी भरलेले एखादे नाव, एक उर्दू आणि एक तेलुगू नोंद, शून्याने सुरू होणारा दाखल क्रमांक, फोटो असलेली आणि नसलेली नोंद, एवढ्या दोन्ही पडद्यांवर शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. फाइल वाटेत बिघडली नाही ना, हे विंडोजमधल्या सर्टयूटिल या आज्ञेने दोन्हीकडे एसएचए-२५६ हा पडताळणीचा आकडा काढून पाहता येते. एक अक्षर बदलले तरी आकडा पूर्ण वेगळा येतो. आणि जुना संगणक दुरुस्तीच्या दुकानात देताना ‘फॉरमॅट मारून द्या’ असे म्हणण्यापूर्वी महिना-दोन महिने जाऊ द्यावेत. सुटलेल्या गोष्टी पहिल्या आठवड्यात कधीच लक्षात येत नाहीत.

ज्यांच्याकडे युनिकोडपूर्व फॉन्टमधली यादी आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तो जुना संगणक सुरू होतो आहे तोवर त्यावरून यादी छापून घ्या, किंवा निदान पीडीएफ करा, आणि कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते वरच लिहा. मग सवडीने रूपांतर करा. आणि १९६७ च्या कायद्याखाली गावोगावी उभ्या असलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी, धर्माबाद-उमरी-बिलोलीपासून लातूरपर्यंतच्या, आपल्या परिसरातल्या संग्राहकांकडून यादीची एक छापील प्रत मागून घ्यावी आणि तिला दाखल क्रमांक द्यावा.